रुमाल टाकलेली जागा

आपला रिकामा प्लॉट बघायला जावं, तर त्यावर कोणाचं तरी पक्कं घर उभं असावं, अंगणात तुळस असावी, दोरीवर धुणं वाळत असावं आणि त्या घरातल्या माणसानं पाण्याचा तांब्या घेऊन आपलंच स्वागत करावं, असा योग फार थोड्यांच्या वाट्याला येत असेल. आमच्या वाट्याला तो आला. नामदेवराव इंगोले यांची नि आमची ओळख झाली ती अशी.

तेव्हा आम्ही अकोल्याला भाड्यानं राहत होतो. मी तिथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल. माझी बायको मंगल हिची शाळा मात्र अमरावतीला. त्यामुळे ती रोज अपडाउन करायची आणि रोज संध्याकाळी चप्पल काढता काढता म्हणायची की आपलं घर कधी होणार. प्लॉट आम्ही काही वर्षांपूर्वीच घेऊन ठेवला होता, अमरावतीच्या बाहेर, चांदूर बाजारच्या रस्त्यावर. लेआउटचं नाव नंदनवन. नंदनवनाला कमान होती, कमानीच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे हत्ती होते, आणि कमानीतून आत गेलं की काळ्या मातीशिवाय काही म्हणजे काही नव्हतं. माती आणि तरोट्याचं तण. आमच्या प्लॉटची एकच खूण माझ्या लक्षात होती. लेआउटचा हातपंप बरोबर त्याच्या समोर होता.

त्या रविवारी आम्ही गेलो तर हातपंपासमोर घर. मी मंगलला म्हटलं, आपण गल्ली चुकलो. ती म्हणाली, अख्ख्या लेआउटमध्ये चार घरं आहेत, गल्ली चुकायला गल्ली तर पाहिजे. तेवढ्यात फाटक उघडून एक उंच, किडकिडीत म्हातारा माणूस बाहेर आला. पांढरा पायजमा, खिशाचा सदरा. त्यानं आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "प्लॉट पाह्याले आले ना? कोन्ता नंबर?"

मी म्हटलं, अठ्ठावीस.

"मंग हा काय तुमचा," शेजारच्या मोकळ्या जागेकडे हात करून ते म्हणाले. "माह्या शेजारीच. मी सत्तावीसवाला. बांधता कई?"

खरं तर घर कधी बांधणार हे सांगण्याआधी मला हातपंपाचं बोलायचं होतं. पण ज्या आनंदानं त्यांनी आम्हाला शेजारी म्हणून पसंत करून टाकलं होतं, त्या आनंदापुढे हातपंप काढायची मला हिंमत झाली नाही. शिवाय त्यांच्या बायकोनं, ज्यांना सगळे माई म्हणत, तोवर चहा टाकला होता.

चहा पिता पिता कळलं की इंगोलेकाका लाल बसचे कंडक्टर. जन्म सगळा अकोला, अमरावती, धामणगाव अशा गाड्यांवर गेला. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गाडी अंगातून उतरली नव्हती. ते नेहमी पाय फाकवून उभे राहत, जणू घर आता वळण घेणार आहे. उभं राहून बोलायला लागले की उजवा हात आपोआप वर जायचा आणि दांडी शोधायचा. दांडी नसली की चौकट, चौकट नसली की धुण्याची दोरी. एकदा माईंची ओली साडीच त्यांच्या डोक्यावर आली, तरी बोलणं थांबलं नाही.

रिकाम्या प्लॉटांचा त्यांना मनापासून राग होता. लेआउटमधला एकूण एक प्लॉट विकला गेला होता, पण राहायला कोणी येत नव्हतं. कोणी पुण्यात, कोणी नागपुरात, कोणी भाव वाढायची वाट बघत बसलेलं. काका म्हणायचे, हे सगळे खिडकीतून रुमाल टाकणारे. गाडी फलाटाला लागायच्या आधीच बाहेरून खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकायचा आणि मग निवांत रसवंतीवर जाऊन बसायचं, तसली ही माणसं. उभी म्हातारी उभीच, आणि सीटवर रुमाल बसलेला. नोकरीत असताना या रुमालांवरून त्यांनी इतकी भांडणं सोडवली होती की त्यांचा स्वतःचा कायदाच तयार झाला होता. रुमालवाला येईपर्यंत जो उभा असेल त्यानं बसायचं. रुमालवाला आला की मुकाट्यानं उठायचं. वाद नाही.

म्हणून दर रविवारी ते पाण्याचा तांब्या घेऊन फाटकात उभे राहत. प्लॉट बघायला कोणी आलं रे आलं की गाठलंच. पाणी, चहा, आणि "बांधता कई?" लोक ओशाळून जायचे. माई सांगायच्या की एक गृहस्थ तर पुढे त्यांना चुकवायला मागच्या शेतातून यायला लागले होते. पण तिघांनी काकांच्या धाकानं घरं बांधली, हेही खरं.

बांधायचं म्हणजे आधी मोजणी करावी लागते. आम्ही रीतसर मोजणी मागवली. हातपंपाचा किडा माझ्या डोक्यात होताच, पण मी तो कोणाला बोललो नाही. मोजणीवाले आले. मोठ्या रस्त्यापासून मापं टाकत टाकत ते इंगोल्यांच्या फाटकाशी आले, फाटकातून आत आले, तुळशीला वळसा घालून ओसरीवर चढले आणि त्यांनी आमच्या प्लॉटची लाल झेंडी माईंच्या मिरच्या वाळत घातलेल्या खाटेजवळ रोवली.

काका आधी हसले. त्यांनी मोजणीवाल्यांना चहा पाजला आणि सांगितलं की ऊन फार आहे, डोकं तापतं, पुन्हा मोजा. पुन्हा मोजलं. झेंडी तिथेच आली. मग काका हसायचे थांबले. अठ्ठावीस नंबरवर त्यांचं घर होतं. त्यांचा सत्तावीस म्हणजे दुसऱ्या बाजूच्या शेजारचा तरोटा.

ते खाटेवर बसले, मिरच्या बाजूला सारून.  मग एकदम म्हणाले, "माई, रोडग्यानं घात केला."

झालं होतं ते असं. प्लॉट घेतल्यावर काकांच्या मनात आलं की सगळ्या प्लॉटवाल्यांची एकमेकांशी ओळख व्हायला पाहिजे, आणि आमच्याकडे ओळख व्हायची तर रोडगे पाहिजेत. त्यांनी नंदनवनात रोडगे ठेवले; आम्हाला तेव्हा जायला जमलं नव्हतं. गोवऱ्यांचा जाळ केला, निखाऱ्यांत कणकेचे गोळे टाकले. वांग्याच्या भाजीचा मोठा गंज चढवायचा तर चुलीला दगड हवेत. काळ्या मातीत दगड कुठून मिळणार. भाजी करणाऱ्या माणसानं आजूबाजूला पाहिलं तर मापाचे, चांगले घडवलेले दगड जागोजागी उभेच होते, तेही नंबर घालून. त्यानं जवळचे तीन उपटले. भाजी उत्तम झाली. जेवणं झाल्यावर काकांच्या लक्षात आलं की चुलीवर प्लॉट नंबर लिहिलेले आहेत. माणूस शिस्तीचा. दुसरा कोणी असता तर दगड तिथेच टाकून गेला असता. काकांनी ते गार होऊ दिले, धुतले, पुसले आणि स्वतःच्या हातानं परत जागेवर बसवले. एकेक प्लॉट पुढे.

पुढे ठेकेदारानं त्याच दगडांवरून चुन्याची फक्की मारली, आणि घर उभं राहिलं.

आमच्या नातेवाइकांत ही बातमी पसरली तेव्हा जो तो सल्ला द्यायला लागला. माझा मेहुणा वकील आहे. तो फोनवर म्हणाला की हातात आयतं प्रकरण आलंय, नोटीस देऊ, एक तर घर पाडायला लावू नाही तर तुमच्या नावानं करून घेऊ. कायद्यानं काय होतं मला माहीत नव्हतं, अजूनही नाही. पण रिटायर झाल्यावर जे काही हातात आलं ते सगळं काकांनी त्या घरात घातलं होतं, हे आम्ही चहा पिताना ऐकलं होतं. आता ते घर राहणार की जाणार हे आमच्यावर होतं, आणि आमचा दोघांचाही जीव त्यानं टांगणीला लागला होता. मंगल दोन दिवस धड जेवली नाही.

पुढच्या रविवारी काका स्वतःच आमच्या अकोल्याच्या घरी आले. बसले नाहीत. उजवा हात चौकटीवर ठेवून उभे राहिले आणि डाव्या हातानं खिशातून किल्ली काढून टीपॉयवर ठेवली.

मी विचारलं, हे काय?

"घराची किल्ली. रुमाल तुमचा होता," ते म्हणाले. "आमी बसलो होतो. आता तुमी आले. उठा लागते. माई भांडे बांधून राहिली."

मी म्हटलं, काका, असं कसं. हे घर आहे.

"लय लोकायले उठवलं मी. बायाले उठवलं, पोलिसाले उठवलं. आता माह्या वक्ताले कायदा बदलू काय?"

 मंगलनं मात्र विचार करून ठेवलेला दिसला. ती म्हणाली की उठायचं कशाला, अदलाबदल करू. तुमचा सत्तावीस आमच्या नावानं, आमचा अठ्ठावीस तुमच्या नावानं. माप तर सारखंच आहे.

काकांनी मान हलवली. याचाही विचार त्यांनी येताना बसमध्ये केला होता. माप सारखं असलं तरी जागा सारखी नव्हती. मधल्या काळात विजेच्या लोकांनी सत्तावीस नंबरच्या अगदी समोर डीपी आणून बसवली होती. म्हणजे आम्ही बांधलं तर फाटकासमोर जन्मभर तो ट्रान्सफॉर्मर घूं घूं करत राहणार. तसली जागा हातपंपासमोरच्या जागेच्या बदल्यात द्यायची, हे त्यांना पटत नव्हतं. "खिडकीवाल्याले मी कई मागच्या चाकावर बसवलं नाई, बाई," ते म्हणाले. "तुमी राजी असान, पन मले नाई जमत."

मंगलनं किल्ली उचलली आणि त्यांच्या हातात दिली. आमच्याकडे ती शुद्ध बोलते, शाळेत तर फारच शुद्ध. पण त्या दिवशी तिच्या तोंडून तिच्या माहेरचं बोलणं आलं. "काका, मी रोज मागच्या चाकावर बसूनच अपडाउन करून राहिली. तुमी बसा. आमी सरकतो."

उभ्या नोकरीत त्या माणसानं हजारो लोकांना पुढे सरका म्हणून सांगितलं असेल. आपणहून सरकणारं त्याला फारसं कोणी भेटलं नसावं. त्यांनी किल्लीकडे पाहिलं, मंगलकडे पाहिलं आणि मग प्रथमच आमच्या घरात खुर्चीवर बसले. खिशातून रुमाल काढून त्यांनी चेहरा पुसला. डोक्यावर पंखा चांगला जोरात सुरू होता.

अदलाबदलीचा दस्त करायला आम्ही रजिस्ट्री ऑफिसात गेलो तेव्हा तिथे ही गर्दी. काका आत शिरले, एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि अर्ध्या घटकेत अख्ख्या खोलीला ओळीत बसवलं. एक लेकुरवाळी उभी होती, तिच्यासाठी एका ठेकेदाराला उठवलं. तो ठेकेदार काकांना कोण समजून उठला देव जाणे, पण उठला. आमचा नंबर आला तेव्हा साहेबांनी काकांना विचारलं की तुम्ही इथेच नोकरीला आहात का.

मग आमचं घर झालं. पायाच्या वेळी टेपचं एक टोक स्वतः काकांनी धरलं होतं आणि दगडांकडे ते बघायलाही तयार नव्हते. वास्तूला रोडगे ठेवायची टूम निघाली, तेव्हा चुलीसाठी विटा आणाव्यात अशी त्यांनी अट घातली. आमच्या दोन घरांत भिंत घालायचं मात्र कोणालाच आठवलं नाही. मधल्या पट्टीत माईंनी कढीपत्ता लावला आणि पुढे ती वाटच झाली. डीपी समोर असल्याचा फायदा असा की वीज गेली की लाइनमन आमच्याच दारात उभा राहतो, त्यामुळे ती कधी येणार हे सगळ्या नंदनवनात आम्हाला आधी कळतं. काकांना याचं फार समाधान होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते आमची डीपी दाखवायचे.

मंगलचं अपडाउन संपलं. ते माझ्या वाट्याला आलं. त्याबद्दल मी इथे काही बोलत नाही.

रिकाम्या प्लॉटांशी काकांची लढाई चालूच होती. जवळच्या गावातलं एक माळी जोडपं भाजी विकायला येई. काकांनी त्यांना विचारलं की एवढी जागा पडून आहे, मेथी का नाही लावत. अट कायद्यातलीच, मालक आला की उठायचं. त्या हिवाळ्यात अर्धं नंदनवन हिरवंगार झालं. मग एका रविवारी पुण्याहून एक प्लॉटवाले गाडीनं आले आणि आपल्या जागेवर मेथी बघून त्यांचं डोकं फिरलं. ते मोठमोठ्यानं अतिक्रमण, पोलीस असे शब्द बोलायला लागले. काकांनी पाणी दिलं. माळीणबाईला सांगून दोन जुड्या उपटवल्या आणि त्यांच्या हातात ठेवून म्हणाले की तुमच्या जागेची आहे, घरी न्या. गृहस्थ मेथीकडे बघत राहिले. त्यांच्या आयुष्यात त्या प्लॉटमधून पहिल्यांदाच काही निघालं होतं. संध्याकाळी निघताना ते काकांना मिस्तरीचा नंबर मागत होते. आज ते आमच्या मागच्या गल्लीत राहतात आणि मेथी मात्र बाजारातून आणतात.

शहर बस फाट्यावरून निघून जायची, आत येत नसे. काकांनी अर्ज केले, साहेब लोकांना गाठलं, तरी काही होईना. मग ते रोज सकाळी फाट्यावर उभे राहून ड्रायव्हर-कंडक्टरला चहा द्यायला लागले. महिन्याभरात बस चहा प्यायला म्हणून आत वळायला लागली आणि वळलीच आहे तर माणसं बसायला लागली. पुढे तिथे थांबा झाला. ज्या दिवशी थांब्याचा खांब लागला त्या दिवशी काका बसमधून शहरात गेले आणि त्याच बसनं परत आले. काम काही नव्हतं.

आता नंदनवनात जागा शोधावी लागते. दोन किराणा दुकानं आहेत, पिठाची गिरणी आहे, पोरांची सायकलींवरची भांडणं आहेत. कमानीचा एक हत्ती बसनं पाडला. काका पाहुण्यांना तो पडलेला हत्तीही कौतुकानं दाखवत.

मग माईंचे गुडघे गेले, आणि त्यांची मुलगी पुण्याहून येऊन म्हणाली की आता तुम्ही दोघं माझ्याकडे चला. काकांनी बरेच दिवस टाळलं. पण माईंना ओसरीच्या पायऱ्या चढवेनात, तेव्हा त्यांचं काही चाललं नाही. जायच्या दिवशी सकाळी ते कढीपत्त्याच्या वाटेनं आमच्याकडे आले. हात चौकटीवर गेला. दुसऱ्या हातानं त्यांनी तीच किल्ली टीपॉयवर ठेवली. टीपॉयही तोच होता, अकोल्याहून आणलेला.

मंगल म्हणाली, काका, आम्ही रोज झाडून घेऊ, तुळशीला पाणी घालू, तुम्ही येईपर्यंत जसंच्या तसं ठेवू.

"तसं नोका करू," ते म्हणाले. "रिकामं नोका ठेवू. मी रुमाल टाकून चाललो असं लोकायनं म्हनू नये. कोनी उभं दिसलं तं बसवा. भाडं पाहू नोका, मानूस पाहा."

आम्ही माणूस पाहिलं. सध्या तिथे सरकारी दवाखान्यातली एक नर्स, तायडेबाई, तिच्या आईला घेऊन राहते. बदली होऊन आली तेव्हा तिला कोणी घर देत नव्हतं. काकांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, बसू द्या, आणि हातपंपाचं पाणी गोड आहे असं तिला सांगा. मागच्या वर्षी काका पुण्यातच गेले. निरोप आला त्या दिवशी मी कढीपत्त्याच्या वाटेवर जाऊन उभा राहिलो आणि मला फार रडू आलं. शेजारी म्हणून माणूस मिळावा तर असा मिळावा, आणि आम्हाला तो चुकीच्या जागेवर मिळाला होता.

पण आठवतात ते मला पुण्याला निघाले त्या सकाळचे. थांब्यावर आम्ही सगळे त्यांना पोचवायला गेलो होतो. मुलीनं गाडी बोलावते म्हटलं होतं, पण काका स्टेशनपर्यंत शहर बसनंच जाणार यावर अडून बसले. बस आली ती भरलेली. माईंना बघून एक कॉलेजातली मुलगी उठली, माई बसल्या. काकांसाठीही एकजण उठला. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत बसवलं आणि स्वतः दरवाज्याजवळ पाय फाकवून उभे राहिले. उजवा हात वर गेला. या वेळी तिथे खरी दांडी होती.

"सरका पुढं, जागा होते," आत कोणाला तरी ते म्हणाले. लोक सरकले. खाली राहिलेल्या तिघीचौघी चढल्या. काकांनी एकदा बाहेर वाकून पाहिलं, आमच्याकडे नाही, मागे कोणी धावत येणारं राहिलंय का ते. कोणी नव्हतं. मग त्यांनी डाव्या हातानं बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, आणि बस निघाली.